माउथवॉशनं जंतू मरतात, तरी हिरड्यांतून रक्त का येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा महिने झाले, दोन वेळा ब्रश आणि दोन वेळा जंतुनाशक माउथवॉश चालू आहे. तरी ब्रश करताना डाव्या बाजूच्या दाढांपाशी रक्त येतं, म्हणून तिथं ब्रश लावायचंच सोडून दिलंय. सकाळी उठल्यावर तोंडाला वास येतो. तोंडातले सगळे जंतू एकदाचे संपवणारं औषध कोणतं, अँटिबायोटिकचा एक कोर्स केला तर काम होईल का, आणि आपल्या तोंडातले जंतू लहान बाळाला लागतात हे खरं का, हे विचारलं आहे.

मी हिरड्यांच्या आजारांची डॉक्टर आहे आणि वीसहून जास्त वर्षं रोज हेच काम करते. तुमच्यासारखे मनापासून काळजी घेणारे पेशंट जेव्हा सांगतात की रक्त येतं म्हणून ती जागा आम्ही सोडून देतो, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण सगळी मेहनत नेमकी तिथं वाया जाते. आधी त्याबद्दलच सांगते. आज रात्रीपासून त्या दाढांवर ब्रश पुन्हा सुरू करा. मऊ ब्रश, हलका हात, पण सुरू करा. कारण पुढे येईलच.

सगळे जंतू संपवणारं औषध नाही, आणि असतं तरी मी ते दिलं नसतं. माणसाच्या तोंडात जंतूंच्या सुमारे ७०० जाती सापडल्या आहेत. त्या सगळ्या प्रत्येकाच्या तोंडात नसतात, पण निरोगी माणसाच्या लाळेच्या एका थेंबातही लाखो जंतू असतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपयोगाचे. ते जागा अडवून बसतात म्हणून बाहेरून येणाऱ्या त्रासदायक जंतूंना पाय रोवता येत नाहीत. जिभेच्या मागच्या भागातले काही जंतू भाज्यांमधल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते गिळल्यावर शरीर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं, आणि रक्तवाहिन्या सैल ठेवायला ते लागतं. कडक जंतुनाशकानं दिवसातून दोनदा चुळा भरल्या की हे जंतूही कमी होतात.

मग आजार येतो कुठून? जंतू असण्यातून नाही, ते एका जागी अनेक दिवस निवांत बसून राहण्यातून.

दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतली प्रथिनं इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक आवरणावर, पातळ पापुद्र्यासारखी बसतात. त्या पापुद्र्यावर आधी काही ठरावीक गोल जंतू चिकटतात, मुख्यतः स्ट्रेप्टोकोकस जातीचे. काही तासांत ते वाढतात आणि स्वतःभोवती चिकट पदार्थ तयार करतात. त्यांच्या पाठीवर दुसरे बसतात, दुसऱ्यांवर तिसरे. फ्युसोबॅक्टेरियम नावाचा एक लांबट जंतू आहे, तो आधी आलेल्यांना आणि उशिरा येणाऱ्यांना जोडणारा पूल बनतो. दोन-तीन दिवस कुणी हात लावला नाही तर थर जाड होतो आणि तळाशी प्राणवायू पोचेनासा होतो. मग प्राणवायू न चालणाऱ्या जंतूंची चलती सुरू होते. यालाच आम्ही प्लाक म्हणतो. सकाळी जीभ दातांवरून फिरवली की जो बुळबुळीतपणा लागतो, तो हाच. लाळेतल्या कॅल्शियममुळे तो काही दिवसांत कडक व्हायला लागला की त्याचं किटण होतं, आणि किटण ब्रशनं निघत नाही.

या थराला माउथवॉश का पुरत नाही, हे साडेतीनशे वर्षांपूर्वीच दिसलं होतं, आणि मला ती हकिगत फार आवडते. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक स्वतः भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा. तो रोज मिठानं दात घासायचा, आणि आपले दात स्वच्छ आहेत याची त्याला खात्री होती. तरी दाढांच्या फटीत पिठासारखं पांढरट काहीतरी साचलेलं त्याला दिसलं. ते त्यानं पावसाच्या पाण्यात मिसळून भिंगाखाली धरलं, तर त्यात सरसर पळणारे जीव. सप्टेंबर १६८३ मध्ये त्यानं हे लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला पत्रानं कळवलं. पुढे त्यानं आणखी एक गोष्ट करून पाहिली. जहाल व्हिनेगर तोंडात घेतलं, आणि नंतर फटीतलं पांढरं पुन्हा काढून पाहिलं. आतले जीव जिवंतच होते. मात्र तेच पांढरं काढून व्हिनेगरमध्ये कालवलं तेव्हा ते मेले. त्यानं बरोबर अनुमान काढलं की व्हिनेगर फक्त बाहेरच्या जिवांपर्यंत पोचलं, थराच्या आत गेलंच नाही.

तुमच्या सहा महिन्यांच्या माउथवॉशचं हेच झालंय. लाळेत तरंगणारे आणि थराच्या वरवरचे जंतू मेले, काही तास तोंड ताजं वाटलं. दाढेच्या फटीतला थर, ज्याला ब्रशही लागत नव्हता, तो आपल्या जागी वाढत राहिला. हा थर रसायनानं विरघळत नाही. घासून मोडावा लागतो.

आता रक्ताकडे येऊ. निरोगी हिरडीतून मऊ ब्रशनं रक्त येत नाही. हिरडी दाताला जिथं टेकते तिथं आत एक बारीकशी चीर असते, १ ते ३ मिलिमीटर खोल. थर त्या चिरेपाशी साचला की शरीर त्याला परका समजून तिकडे रक्त वाढवतं, रक्तवाहिन्या फुगतात, चिरेचं आतलं अस्तर पातळ होऊन जागोजागी फाटतं. त्यामुळे नुसता ब्रशचा केस लागला तरी रक्त दिसतं. ब्रशनं जखम केली म्हणून रक्त आलेलं नसतं. सूज आधीपासून असते, ब्रश फक्त ती दाखवून देतो.

यातलं सगळ्यात घातक वळण असं. सुजलेल्या हिरडीतून चिरेत द्रव पाझरतो, त्यात प्रथिनं असतात, आणि रक्तात लोह. पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस हा हिरड्यांच्या जुनाट आजारातला मोठा गुन्हेगार. त्याला साखर नको असते, त्याला ही प्रथिनं आणि रक्तातलं लोह हवं असतं. म्हणजे सूज त्याला पोसते, आणि तो सूज वाढवतो. रक्त येतं म्हणून जागा सोडली की आपण त्याचं ताट वाढून ठेवतो.

हे उलटवता येतं याचा स्वच्छ पुरावा १९६५ सालचा आहे. डेन्मार्कमधल्या आर्हूस इथं हॅराल्ड लो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. थरातले जंतूही बदलत गेले: सुरुवातीला साधे गोल, मग लांबट धाग्यासारखे, शेवटी मळसूत्रासारखे वळवळणारे. दात घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. एकही गोळी न घेता.

माझ्या दवाखान्यात एक सूक्ष्मदर्शक आहे, पडद्याला जोडलेला. बरेच दिवस समजावूनही पटत नाही असं वाटलं की मी पेशंटच्याच तोंडातले दोन नमुने घेते, एक पुढच्या स्वच्छ दातावरचा, एक रक्त येणाऱ्या दाढेच्या आतला. पहिल्यात गोल ठिपके असतात, जवळजवळ स्थिर, मधूनच एखादी काडी सरकते. दुसरा लावला की पडदा जिवंत होतो. स्प्रिंगसारखे जंतू एकमेकांतून वळवळत जात असतात आणि मधे सुजेतून आलेल्या पांढऱ्या पेशी फुगून बसलेल्या दिसतात. एका बाई तीन मिनिटं काही न बोलता बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “हे माझ्या तोंडात आहे?” दोन आठवड्यांनी त्याच दाढेचा नमुना घेतला, तेव्हा वळवळ शोधावी लागत होती. त्यांना मी फक्त फटीत घालायचा छोटा ब्रश दिला होता आणि तो कसा फिरवायचा हे आरशात दाखवलं होतं.

म्हणून घासण्याची पद्धत नीट सांगते, कारण इथंच सगळं अडतं. ब्रश मऊ हवा, डोकं लहान. केस दात आणि हिरडीच्या सीमेवर तिरके टेकवायचे, निम्मे दातावर आणि निम्मे हिरडीच्या कडेवर, साधारण ४५ अंशांत. मग जागच्या जागी अगदी छोटं, थरथरल्यासारखं हलवायचं, एका वेळी दोन-तीन दात. मोठे आडवे रट्टे मारायचे नाहीत, त्यानं थर राहतो आणि हिरडी मागे सरकते. सगळं तोंड करायला दोन मिनिटं लागतात. पहिल्यांदा घड्याळ लावून बघा, बहुतेक लोक पाऊण मिनिटात थांबतात. खालच्या दाढांची जिभेकडची बाजू आणि शेवटच्या दाढेची मागची बाजू या दोन जागा जवळपास सगळ्यांच्या राहतात.

आणि फटी. ब्रशचे केस दोन दातांच्या मध्ये शिरत नाहीत, कितीही चांगला ब्रश घ्या. फटी घट्ट असतील तिथं फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा धागा, थोडी जागा असेल तिथं इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत घालायचा छोटा ब्रश. माझा कल स्पष्टपणे इंटरडेंटल ब्रशकडे आहे. हात बसायला सोपा, आणि हिरडी जरा उतरलेली असेल तर दाढेच्या मुळाची खोलगट बाजूही घासली जाते, फ्लॉस तिथं वरूनच निघून जातो. आकार डॉक्टरांकडून मापून घ्या. सैल ब्रश काही काढत नाही, आणि जाड ब्रश जबरदस्तीनं घुसवायचा नसतो. रोज एकदा, रात्री. पहिले चार-पाच दिवस रक्त वाढल्यासारखं वाटेल. थांबू नका. साधी सूज असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत ते कमी होत जातं.

दोन आठवडे नीट करूनही रक्त तसंच राहिलं तर आत किटण आहे किंवा चीर खोल झाली आहे असं समजा. ४ मिलिमीटर आणि पुढे खोली गेली की आम्ही त्याला पॉकेट म्हणतो. तिथं तुमचा हात पोचत नाही, स्केलिंग, म्हणजे हत्यारांनी किटण काढणं, आणि मुळांची सफाई करावी लागते. स्केलिंगनं दात हलायला लागतात हा समज मला रोज भेटतो. घडतं असं की हाड आधीच झिजलेलं असतं, किटणाचा कठडा आणि सुजलेली हिरडी ते झाकून ठेवत असतात. किटण काढलं, सूज ओसरली, की मागे गेलेली हिरडी उघडी दिसते आणि फटी जाणवतात. हे नुकसान स्केलिंगनं केलेलं नसतं. ते न केल्यामुळे आणखी हाड जातं, आणि गेलेलं हाड सहसा परत येत नाही.

तुम्ही सिगारेट ओढता की नाही हे लिहिलेलं नाही. ओढत असाल तर एक लक्षात ठेवा: तंबाखूमुळे हिरड्यांतलं रक्तस्रवण दबतं. अशा माणसाच्या हिरड्यांतून रक्त येत नाही म्हणून त्या निरोगी आहेत असं मुळीच म्हणता येत नाही. मी कितीतरी तोंडं अशी पाहिली आहेत जी वरून शांत आणि आतून पोखरलेली.

माउथवॉश अगदी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. शस्त्रक्रियेनंतर, टाके असताना, किंवा हात चालत नाही अशा आजारपणात मी क्लोरहेक्सिडीन या कडक जंतुनाशकाचा माउथवॉश देते, साधारण दोन आठवडे. त्यापुढे दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते. पेस्टमधल्या फेसाच्या रसायनानं त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून घासल्यावर निदान अर्ध्या तासानं वापरायचं. सहा महिने सलग वापरायची ती गोष्ट नव्हे. तुमची बाटली क्लोरहेक्सिडीनची असेल तर आता बंद करा. फ्लोराइडचा साधा माउथवॉश असेल तर तो घासल्यावर लगेच नको, दुसऱ्या एखाद्या वेळी घ्या, नाहीतर पेस्टमधलं जास्त ताकदीचं फ्लोराइड धुऊन जातं. ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा आणि चुळा भरायच्या नाहीत. सवय व्हायला आठवडा लागतो, पण कीड रोखायला याचा खरा उपयोग होतो.

कीड म्हणजे वेगळं प्रकरण, आणि तिथले जंतूही वेगळे. डब्ल्यू. डी. मिलर या अमेरिकन दंतवैद्यानं बर्लिनमध्ये काम करून १८९० मध्ये मांडलं की तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. १९२४ मध्ये क्लार्क यानं लंडनमध्ये किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा जंतू वेगळा काढला. १९५४ मध्ये जंतूविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना भरपूर साखरेचं खाणं दिलं, तरी त्यांचे दात किडले नाहीत. म्हणजे नुसती साखर दात किडवत नाही, जंतू लागतात. पण जंतूंना साखर दिली नाही तर त्यांचंही काही चालत नाही. साखर सतत मिळाली की थरात आम्ल सोसणाऱ्यांची संख्या वाढते आणि बाकीचे मागे पडतात. तोंडातला समतोल बिघडतो तो असा, बाहेरून काही नवं न येता.

गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच थरातला पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली जातो, आणि इनॅमलमधली खनिजं सुटायला लागतात. मग लाळ हळूहळू आम्ल धुते, खनिजं परत बसवते. त्याला अर्धा तास ते तासभर लागतो. जेवणाबरोबर एकदा गोड खाल्लं तर हे एकदाच होतं. तेच गोड पेय दिवसभर घोटघोट पीत राहिलात तर लाळेला उसंतच मिळत नाही. स्वीडनमधल्या विपेहोल्म रुग्णालयात १९४५ नंतर काही वर्षं चाललेल्या प्रयोगातून हे पक्कं झालं: जेवणाबरोबरच्या साखरेनं कीड फारशी वाढली नाही, मधल्या वेळी खाल्लेल्या चिकट टॉफीनं प्रचंड वाढली. तो प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्या, नकार देऊ न शकणाऱ्या माणसांवर झाला, आणि त्यात अनेकांचे दात गेले. आज मी पेशंटला जे सांगते त्यातलं बरंचसं त्यांच्या दातांवर शिकलेलं आहे. हे सांगितल्याशिवाय मला तो प्रयोग सांगवत नाही.

झोपेत लाळ जवळजवळ थांबते. म्हणून रात्रीचा ब्रश दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्यानंतर फक्त पाणी. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी दिवसाही तोंड कोरडं पडतं. अशा वेळी उघड्या पडलेल्या मुळांना झपाट्यानं कीड लागते. गोळी स्वतःहून बंद करू नका, दाताच्या डॉक्टरांना तिचं नाव सांगा.

सकाळच्या वासाचं कारणही तीच थांबलेली लाळ. जिभेच्या मागच्या खडबडीत भागावर बसलेले जंतू प्रथिनं कुजवून गंधकाचे वायू सोडतात. थोडा वास सगळ्यांनाच येतो. जिभेवरून मागून पुढे दोन-तीनदा हलकेच खरवडा, रक्त निघेपर्यंत नाही. दुपारीही वास राहत असेल तर बहुधा दाढांच्या पॉकेटमधून येतोय.

अँटिबायोटिक नको. थरापर्यंत ते नीट पोचत नाही, कोर्स संपला की थर पुन्हा बसतो, आणि मधल्या काळात औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. हिरड्यांच्या काही तीव्र आजारांत आम्ही ते देतो, पण मुळांची सफाई करताना, तिच्या जोडीला. दात ठणकतो म्हणून घरात उरलेल्या गोळ्या घेणं तर अगदीच चूक. दाताच्या नसेला सूज आली असेल तर अँटिबायोटिकनं ठणका जात नाही, दात उघडावा लागतो.

बाळाबद्दल. हो, कीड लावणारा म्युटन्स जंतू मुलाकडे बहुतेक वेळा घरातल्या मोठ्यांकडूनच जातो, अनेकदा आईकडून. तरीही बाळाची पापी घेऊ नका असं मी सांगणार नाही. जंतू कधी ना कधी पोचणारच. त्याला तिथं बस्तान बसवू द्यायचं का, हे बाळाच्या तोंडात साखर किती वेळा जाते यावर ठरतं. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. घरातल्या मोठ्यांच्या किडलेल्या दाढा भरून घ्या. पहिला दात दिसला की फ्लोराइडची पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढी. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी.

मधुमेह असेल तर हे सगळं दुप्पट मनावर घ्या. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांचा जुनाट दाह साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर उपचार केल्यावर साखरेत थोडी पण मोजता येण्याजोगी सुधारणा होते. हृदयाची कृत्रिम झडप असेल किंवा झडपेला पूर्वी जंतुसंसर्ग झाला असेल, तर कुठलाही दात काढण्याआधी किंवा स्केलिंगआधी डॉक्टरांना ते सांगाच. तोंडातले जंतू अशा वेळी रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात, आणि तिथं आधी दिलेल्या अँटिबायोटिकच्या एका मात्रेला खरा अर्थ आहे.

तुमच्या बाबतीत मी हे करीन: रात्री डाव्या दाढांपासून ब्रशला सुरुवात, कारण सुरुवातीला लक्ष ताजं असतं. मग फटी. दोन आठवड्यांनी रक्त थांबलं असेल किंवा नसेल, तरी एकदा हिरड्या मोजून घ्या. प्रत्येक दाताभोवती सहा जागी खोली मोजतात, दुखत नाही, दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्या आकड्यांचा तक्ता मागून जवळ ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी तपासलं तरी डाव्या दाढांपाशी ५ चे ३ झाले की ६, हे त्यावरून लगेच कळेल.